पात्र, हिंग आणि हेडफोन: कोरियातला विकत मिळणारा बुद्ध

सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात दुसऱ्या मजल्यावर एक दालन आहे, त्यात फक्त दोन वस्तू ठेवल्या आहेत. आत जायला एक अंधारा बोळ ओलांडावा लागतो. भिंती मातीच्या आहेत हे डोळे सरावल्यावर दिसतं, जमीन किंचित चढती आहे हे मात्र पायांनाच कळतं. मग समोर त्या दोन मूर्ती येतात. कांस्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या, जेमतेम तीन फुटांच्या, चौदाशे वर्षांपूर्वीच्या. दोघांची बैठक एकच: उजव्या पायाचा घोटा डाव्या गुडघ्यावर, उजव्या हाताची बोटं गालाला हलकेच टेकलेली, मान जराशी झुकलेली. विचारात पडलेला बोधिसत्त्व. मध्ये काच नाही, माहितीचे लांबलचक फलक नाहीत. लोक येतात, आपोआप आवाज खाली आणतात आणि बराच वेळ नुसते उभे राहतात. नोव्हेंबर २०२१मध्ये हे दालन उघडलं आणि तेव्हापासून संग्रहालयात आलेला माणूस ते चुकवत नाही.

बाहेर पडलं की दुकान लागतं. तिथे तोच बोधिसत्त्व तळहातावर मावेल एवढा होऊन बसलेला असतो. गुलाबी, पिस्ता, आकाशी, जांभळ्या रंगात. बीटीएस या बँडच्या आरएमच्या स्टुडिओत हा छोटा बोधिसत्त्व दिसला आणि मग तो दुकानात टिकेना. कॉलेजची मुलं तो लॅपटॉपशेजारी ठेवतात. त्यातल्या बहुतेकांना मैत्रेय कोण, बोधिसत्त्व आणि बुद्ध यांत फरक काय, हे सांगता येणार नाही. त्यांना एवढंच माहीत असतं, की हा माणूस शांत बसलाय आणि आपण बसू शकत नाही.

कोरियात या सगळ्या लाटेला 'हिप बौद्ध धर्म' म्हणतात. विहारात मुक्काम, विहारातलं जेवण, बुद्धवचनांचे टी-शर्ट, भिक्षूचा वेश केलेला डीजे, विहाराने जमवलेली स्थळं. हा बाजार आहे असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि माझाही पहिला विचार तोच होता. पण विकणारा कोण हे पाहायला लागलं की प्रकरण गुंतागुंतीचं होतं. युरोपातल्या फर्निचरच्या दुकानात बुद्धाचं मुंडकं शोभेला मांडलेलं असतं, तिथे विकणाऱ्याचा बुद्धाशी काडीचा संबंध नसतो. कोरियात विकणारा बहुधा खुद्द विहार असतो, आणि त्याच्या खांद्यावर सरकारचा हात असतो. हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी डोंगरात जावं लागेल.

वाट कुणाची?

कोरियाच्या नकाशावर डोंगररांगांमध्ये जागोजागी स्वस्तिक दिसतं, डाव्या वळणाचं. आपल्याकडच्या माणसाला ओळखीचं वाटतं, पाश्चात्त्य पर्यटक दचकतो. ती विहाराची खूण आहे. नावाच्या शेवटी 'सा' आलं की तो विहार समजायचा: जोग्येसा, थोंगदोसा, हेइन्सा.

हे विहार डोंगरात गेले ते केवळ ध्यानासाठी नव्हे. गोर्यो राजवटीत (९१८ ते १३९२) बौद्ध धर्माला राजाश्रय होता, जमिनी होत्या, राजधानीत विहार होते. मग जोसन राजवट आली. तिने कन्फ्यूशियसचा मार्ग धरला, विहारांच्या जमिनी काढून घेतल्या, भिक्षूंना समाजाच्या तळाला ढकललं आणि राजधानीच्या वेशीच्या आत यायला बंदी केली. ही बंदी उठली १८९५ साली. एवढ्या काळात शहरातले विहार गेले आणि तगले ते डोंगरातले. आज पर्यटन खातं ज्याला निसर्गाच्या कुशीतला वारसा म्हणतं, तो एका अर्थी हद्दपारीचा पत्ता आहे. २०१८ साली अशा सात विहारांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला.

पुढे एक गंमत झाली. १९६७पासून कोरियाने राष्ट्रीय उद्यानं जाहीर करायला सुरुवात केली, आणि ती साहजिकच याच डोंगरांवर. पण डोंगरातली बरीच जमीन विहारांच्या मालकीची. म्हणजे वन सरकारचं, वाट विहाराची. उद्यानाचं प्रवेशशुल्क आणि विहाराचं 'सांस्कृतिक वारसा दर्शन शुल्क' कितीतरी वर्षं एकाच खिडकीवर घेतलं जायचं. २००७ साली सरकारने उद्यानाचं शुल्क बंद केलं, विहारांनी त्यांचं चालू ठेवलं. आणि भांडण पेटलं. कोरियन माणूस डोंगरवेडा, रविवारी पाठीला सॅक लावून निघणारा. त्याला शिखरावर जायचंय, विहार पाहायचा नाहीये. मग वाटेत अडवून पैसे कसले?

२०२१मध्ये सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने संसदेत विहारांना 'किम सॉनदाल' म्हटलं. हा कोरियन लोककथांमधला बिलंदर, ज्याने देदोंग नदीचं पाणी स्वतःचं म्हणून विकलं होतं. भिक्षू संतापले. जानेवारी २०२२मध्ये हजारो भिक्षू सोलमध्ये जोग्येसाच्या आवारात निषेधाला जमले. निवडणूक तोंडावर होती, नेत्यांनी माफी मागितली. शेवटी मे २०२३पासून जोग्ये संघाच्या (हा कोरियातला सर्वांत मोठा बौद्ध संप्रदाय) ६५ विहारांनी हे शुल्क बंद केलं आणि त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून सुरू झाली.

हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. देशातल्या राष्ट्रीय वारशात मोठा वाटा बौद्ध वस्तूंचा; त्या सांभाळतात विहार; दुरुस्तीला पैसे लागतात सरकारचे; आणि सरकारला हवे असतात पर्यटक. दोघांनाही एकमेकांना सोडता येत नाही.

खोल्या कमी पडल्या म्हणून

विहारातल्या मुक्कामाची, म्हणजे 'टेंपलस्टे'ची सुरुवातही अशाच अडचणीतून झाली. २००२चा फुटबॉल विश्वचषक कोरिया आणि जपानमध्ये होणार होता आणि परदेशी पाहुण्यांना हॉटेलं पुरणार नव्हती. सरकारने जोग्ये संघाला विचारलं, तुमच्याकडे खोल्या आहेत ना? तीसेक विहारांनी दारं उघडली. विश्वचषक संपला, दारं उघडीच राहिली. २००४ साली संघाने हा व्याप सांभाळायला कोरियन बौद्ध सांस्कृतिक मंडळ उभं केलं. आज दीडशेच्या आसपास विहार यात आहेत, आणि येणाऱ्यांत परदेशी कमी, कोरियनच जास्त.

यात सरकारी अनुदान आहे, त्यामुळे राजकारणही आहे. प्रोटेस्टंट चर्चची तक्रार असते, की एकाच धर्माला आमचा कर का? तर विहारांचं म्हणणं, हा धर्म नाही, हा देशाचा वारसा आहे. डिसेंबर २०१०मध्ये अर्थसंकल्पात टेंपलस्टेचे पैसे कापले गेले तेव्हा जोग्ये संघाने सरकारी अधिकाऱ्यांना आणि सत्ताधारी खासदारांना विहारात यायला चक्क बंदी केली होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ली म्यंग-बाक चर्चमधले जबाबदार पदाधिकारी, हे वर. पाचशे वर्षं भिक्षूंना वेशीबाहेर ठेवलं गेलं होतं. या वेळी दार लावून घेणारे भिक्षू होते.

मुक्कामाचे ढोबळ दोन प्रकार. एक 'विश्रांती': खोली घ्या, जेवणाच्या वेळा पाळा, बाकी कुणी विचारत नाही. दुसरा 'अनुभव': सगळ्यात भाग घ्या. गेल्या गेल्या ढगळ विजार आणि बंडी मिळते, आणि शहरातला पोशाख घडी घालून ठेवला जातो. बँकेतला अधिकारी आणि सलूनमधली मुलगी एकाच कपड्यात शेजारी बसतात. (या विजारी एवढ्या सुखाच्या असतात की तरुण मुलं त्या आता घरी घालायला विकत घेतात.) रात्री नऊच्या सुमाराला दिवे बंद. पहाटे चारच्या आसपास एक भिक्षू मोकतक नावाचं लाकडी वाद्य वाजवत अंगणातून फिरतो. मग घंटा: पहाटे अठ्ठावीस टोल, संध्याकाळी तेहतीस. घंटेबरोबर मोठा ढोल, लाकडी मासा आणि ढगाच्या आकाराची धातूची थाळी. ढोल जमिनीवरच्या जिवांसाठी, मासा पाण्यातल्यांसाठी, थाळी आकाशातल्यांसाठी.

१०८ दंडवत हा भाग ऐकून लोक येतात आणि करून पाय धरून बसतात. गुडघे, कोपर आणि कपाळ जमिनीला, तळवे वर. एक दंडवत झालं की एक मणी दोऱ्यात ओवायचा. पुन्हा उभं राहायचं, पुन्हा वाकायचं, पुन्हा मणी. तीसाच्या पुढे दम लागतो, साठाच्या पुढे हिशेब सुटतो, आणि शेवटी हातात १०८ मण्यांची माळ असते. माळ घरी न्यायची. हा मण्यांचा प्रकार मला फार हुशारीचा वाटतो. पर्यटकाला आठवणीची वस्तू हवी असते. विहाराने ती दिली, पण तिची किंमत गुडघ्यांकडून वसूल केली.

जेवणाचा विधी याहून कडक. एकात एक बसणारी चार लाकडी पात्रं मिळतात: भाताचं, सूपाचं, भाजीचं, पाण्याचं. या पात्राला कोरियनमध्ये 'बारू' म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळ आपलाच संस्कृत 'पात्र' आहे. चिनीतून जाताना त्याचं पहिलं अक्षर तेवढं उरलं. बोलायचं नाही, भांड्याचा आवाज करायचा नाही, वाढून घेतलेलं टाकायचं नाही. शेवटी किमची किंवा मुळ्याची एक फोड राखून ठेवायची, पात्रात कोमट पाणी घ्यायचं, त्या फोडीने पात्र पुसून काढायचं, फोड खायची आणि ते पाणी पिऊन टाकायचं. पहिल्यांदा येणाऱ्याचा चेहरा इथे पाहण्यासारखा असतो. त्यानंतर चौथ्या पात्रातल्या स्वच्छ पाण्याने पुन्हा विसळायचं, आणि सगळ्यांचं हे शेवटचं पाणी एका बादलीत जमा होतं. ते असतं प्रेतांसाठी, म्हणजे प्रेतयोनीत अडकलेल्या जिवांसाठी. कायम भुकेल्या, सुईच्या नेढ्याएवढ्या गळ्याच्या प्रेतांसाठी. पाण्यात मिरचीचा एक कण जरी राहिला तरी त्यांचा गळा जळतो, म्हणून बादली नितळ हवी. बहुतेक विहारांत पाहुण्यांना आता स्वतः वाढून घ्यायचं साधं जेवण असतं, हा विधी एखाद्या वेळेपुरता. सगळ्यांना रोज तो झेपणार नाही, हे विहारांनीही ओळखलंय.

आपला हिंग आणि त्यांचा हिंग

विहारातलं जेवण ही आता स्वतंत्र दुनिया झाली आहे. बेग्यांगसा विहाराच्या एका छोट्या आश्रमात राहणाऱ्या भिक्षुणी जॉन्गग्वान २०१७ साली नेटफ्लिक्सच्या मालिकेत दिसल्या आणि जगभरचे आचारी त्यांच्या परसात यायला लागले. त्या कुठल्याही पाककला शाळेत शिकलेल्या नाहीत. जोग्ये संघाने सोलमध्ये जोग्येसासमोर स्वतःचं उपाहारगृह काढलं, 'बारू गोंगयांग'. त्याला मिशेलिनच्या सोलच्या पहिल्याच यादीत एक तारा मिळाला. २०२५मध्ये कोरिया सरकारने विहारातल्या पाककलेला राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून नोंदवलं. म्हणजे जे जेवण आसक्ती कमी करायला शिजवलं जात होतं, त्यासाठी आता आधी जागा राखून ठेवावी लागते.

या जेवणात मांस-मासे नाहीत, आणि पाच उग्र भाज्या नाहीत. त्यांना 'ओशिन्छे' म्हणतात: लसूण, पातीचा कांदा, रानकांद्याचा एक प्रकार, बुचू नावाची लसणासारखी पात, आणि पाचवी 'हुंगॉ'. कोरियन माणसाला हे पाचवं नाव कोडंच असतं, कारण ही वस्तू त्याच्या देशात उगवतच नाही. जुन्या सूत्रांच्या चिनी भाषांतरातून नाव आलं, वस्तू आलीच नाही. म्हणून बरेच जण तिच्या जागी साधा कांदा धरतात. तर ही हुंगॉ म्हणजे आपला हिंग. संस्कृत 'हिंगु' चीनमार्गे घासत घासत कोरियात पोचला तो असा.

मराठी स्वयंपाकघरात हे ऐकून हसू येईल. आपल्याकडे चातुर्मासात किंवा नैवेद्याला कांदा-लसूण वर्ज्य, आणि म्हणूनच वरणावर हिंगाची फोडणी हवी. कांदा-लसणाची उणीव भरून काढतो तो हिंग. तिकडे कांदा-लसणाबरोबर हिंगसुद्धा आरोपीच्या पिंजऱ्यात. कारण मात्र सारखंच सांगतात. शूरंगम सूत्रात म्हटलंय, की हे पदार्थ शिजवून खाल्ले तर वासना वाढते, कच्चे खाल्ले तर राग. आपल्याकडचा सात्त्विक-तामसी हिशेब याहून फार वेगळा नाही.

लसणाशिवाय कोरियन जेवण म्हणजे काय, हे ज्याने कोरियन जेवण जेवलंय त्यालाच कळेल. किमचीत लसूण, सूपात लसूण, चटणीत लसूण. विहारातल्या किमचीत लसूणही नाही आणि माशाचं खारवणही नाही. चव येते ती वेगळ्या वाटेने: वर्षानुवर्षं मुरवलेला सोयाबीनचा रस आणि त्याची आंबवलेली चटणी, वाळवलेले अळिंब, समुद्रातली जाड शेवाळाची पट्टी, परिला नावाच्या तेलबियांचा कूट. कमळकाकडी, कमळाच्या पानात शिजवलेला भात, डोंगरातल्या रानभाज्या. या चवीला घाई चालत नाही, आणि शहरी गिऱ्हाईक पैसे मोजतं ते नेमकं त्याच गोष्टीसाठी.

भिक्षू काही सदासर्वकाळ विरक्त चेहऱ्याने जेवत नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांच्या बोलीत शेवयांना 'सुंगसो' म्हणतात. अर्थ: भिक्षूचं हसू. आज शेवया आहेत हे कळलं की ज्याच्या चेहऱ्यावर हसू येत नाही तो भिक्षू नाही.

पगार वाढत नाही म्हणून दुःख

विहारांना हे सगळं करावंसं का वाटलं, याचं उत्तर जनगणनेत आहे. २००५ साली दक्षिण कोरियात २२.८ टक्के लोकांनी स्वतःला बौद्ध म्हटलं होतं. २०१५मध्ये ते प्रमाण १५.५ टक्क्यांवर आलं. प्रोटेस्टंट त्यांच्या पुढे गेले, आणि 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे ५६.१ टक्के झाले. दरवर्षी नव्याने प्रव्रज्या (भिक्षू होण्याची दीक्षा) घेणाऱ्यांची संख्या अलीकडे शंभराच्याही आत आली आहे. विहारात म्हातारी भक्त मंडळी आणि म्हातारे होत चाललेले भिक्षू. दहा-वीस वर्षांनी घंटा कोण वाजवणार, हा खरा प्रश्न आहे.

अशा वेळी युन सॉन्ग-हो हा विनोदी नट पुढे आला. डोकं तुळतुळीत, अंगावर भिक्षूसारखी करडी वस्त्रं, गळ्यात माळ, कानाला हेडफोन. 'न्यूजीन्स-निम' या नावाने तो बुद्धवचनांवर धडधडतं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवतो. नाव एका मुलींच्या बँडवरून घेतल्यासारखं वाटतं, पण जोग्ये संघाच्या ज्येष्ठ भिक्षूंनी २०२३मध्ये त्याला रीतसर धर्मनाम दिलं ते 'न्यूजिन': 'न्यू' म्हणजे नवा, 'जिन' म्हणजे पुढे जाणं. तो स्वतः भिक्षू नाही, श्रद्धाळू बौद्ध आहे. त्याच्या गाण्याचा मथितार्थ असा: पगार वाढत नाही, दुःख, भाव वाढतात, दुःख, पण हेही जाईल. समोरची हजार पोरं उड्या मारत असतात. पहिलं आर्यसत्य याहून सोप्या भाषेत कुणी सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

एप्रिल २०२४मध्ये सोलच्या आंतरराष्ट्रीय बौद्ध प्रदर्शनात गर्दी उसळली, आणि ती बहुतांश विशी-तिशीतली होती. विषयच होता 'मजेशीर बौद्ध धर्म'. टी-शर्टवर लिहिलेलं: 'गुंगनाकसुद्धा राकच'. गुंगनाक म्हणजे सुखावती, अमिताभ बुद्धाचा सुखलोक. त्यातलं शेवटचं अक्षर सुटं उच्चारलं की 'राक' होतं, अर्थ सुख. आणि रॉक संगीताला कोरियनमध्ये म्हणतातही 'राक'. अशा कोट्या आपल्याकडे कीर्तनकाराने केल्या असत्या तर श्रोत्यांनी टाळ्या दिल्या असत्या.

जोग्ये संघाचे प्रमुख भिक्षू जिनु यांनी युनला बोलावून कौतुक केलं. भेट दिली जपमाळ आणि हेडफोन. त्याच वर्षी मे महिन्यात मलेशियात नेमकं उलटं घडलं. क्वालालंपूरच्या एका नाइटक्लबमध्ये त्याचा कार्यक्रम झाला, तिथल्या बौद्ध संघटनांनी तक्रार केली, आणि पुढचा कार्यक्रम रद्द झाला. सिंगापूरमध्ये सरकारनेच इशारा दिला: भिक्षूची वस्त्रं आणि धर्माच्या खुणा वापरून हे चालणार नाही. तोही कार्यक्रम गळाला.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. मलेशियात बौद्ध हे अल्पसंख्य आहेत, मुस्लिमबहुल देशात. तिथे चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, ही ओळख आहे आणि ओळखीची थट्टा महागात पडते. मराठी माणसाला हे फार समजावून सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतल्यानंतर महाराष्ट्रात बुद्धाची प्रतिमा म्हणजे घरातल्या भिंतीवरची भूमिका आहे. आपण कोण आहोत आणि काय नाकारलं, हे ती सांगते. नागपुरात बुद्धाचा टी-शर्ट घातलेला तरुण काहीतरी ठामपणे म्हणत असतो. सोलमधला तरुण म्हणतो, या आठवड्यात फार थकलोय. दोघांच्याही छातीवर बुद्ध तोच.

आणखी एक प्रयोग: 'नानुन जॉल्लो'. टीव्हीवर 'नानुन सोल्लो' म्हणजे 'मी एकटा' असा जोडीदार शोधण्याचा कार्यक्रम आहे. त्यावरून 'मी निघालो विहाराकडे'. अविवाहित मुलं-मुली दोन दिवस विहारात राहतात, चहा घेतात, गप्पा मारतात. २०२३मध्ये कोरियाचा जननदर ०.७२वर घसरला होता, म्हणून संघाच्या समाजकल्याण संस्थेने हे मनावर घेतलं. २०२४मध्ये नाक्सान्सा विहारातल्या वीस जागांसाठी हजाराच्या वर अर्ज आले. ब्रह्मचाऱ्यांनी स्थळं जमवावीत यात विसंगती आहे खरी, पण निदान यांना स्वतःचा मुलगा खपवायचा नाहीये.

जुनी गिऱ्हाइकी

'पूर्वी भक्ती होती, आता बाजार आहे' असं कुणी म्हणालं तर त्याला देगूजवळच्या फालगोंग डोंगरावर पाठवावं. शिखरापाशी नवव्या शतकातली दगडी बुद्धमूर्ती आहे, डोक्यावर सपाट शिळा. शिळा टोपीसारखी दिसते म्हणून नाव 'गातबावी', टोपीवाला खडक. मनापासून मागितलं तर हा बुद्ध एक इच्छा पुरी करतो, अशी समजूत. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते, त्याच्या आधी शंभर दिवस आया पहाटेपासून पायऱ्या चढून येतात आणि पोराच्या नावाने दंडवतं घालतात. डोक्यावरची शिळा पदवीदान समारंभातल्या टोपीसारखी दिसते, हाही योगायोग कुणी वाया घालवलेला नाही.

जवळपास प्रत्येक विहारात छपराच्या कौलांची एक चळत मांडलेली असते, शेजारी रंग आणि कुंचला. थोडे पैसे द्यायचे आणि कौलावर लिहायचं: घरच्यांची नावं, पत्ता, 'सगळे निरोगी राहोत'. पुढच्या दुरुस्तीत ती कौलं खरोखरच छपरावर जातात, अक्षरं खालच्या बाजूला. चळतीत कोरियन, इंग्रजी, जपानी सगळं असतं. 'पहिला नंबर येऊ दे'पासून 'ती परत येऊ दे'पर्यंत. पर्यटक ते गंमत म्हणून लिहितो, म्हातारी हात जोडून लिहिते, पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो.

बुद्धजयंतीच्या कंदिलांचंही तेच. कोरियात हा दिवस १९७५पासून सार्वजनिक सुट्टीचा आहे, आणि दीपोत्सवाची मिरवणूक २०२०मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. जोग्येसाच्या अंगणावर कागदी कंदिलांचं छत होतं, आणि प्रत्येक कंदिलाखाली एक चिठ्ठी लोंबत असते: ज्याने पैसे भरले त्याचं नाव. रंगीत कंदील जिवंत माणसांचे. एका बाजूला पांढरे, ते गेलेल्यांचे. फोटो काढणाऱ्यांना पांढरे जास्त आवडतात, त्यांचा अर्थ माहीत नसल्यामुळे.

ग्यंगजूजवळच्या सॉक्कुरामला मात्र लोक थोडे नाराज होऊन परततात. आठव्या शतकात, ७५१पासून, डोंगराच्या उतारावर ग्रॅनाइटचे दगड रचून ही गुंफा बांधली. आपल्या भाजे-कार्ल्यासारखी ती खडकात कोरता आली नाही, कारण तिकडचा ग्रॅनाइट कोरू देत नाही. कल्पना मात्र त्याच परंपरेतली: भारतातली लेणी, मग मध्य आशिया, मग चीन, मग इथे. आत भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध. गेल्या शतकात जपानी राजवटीतल्या दुरुस्तीत तिला सिमेंटचं आवरण चढवलं गेलं, आत ओल धरली, मग यंत्रांनी हवा कोरडी ठेवणं आलं आणि समोर काच आली. आता रांगेत उभं राहून काचेतून काही क्षण पाहायचं, फोटो काढायचा नाही, पुढे सरकायचं.

वर्षातून एकदा, बुद्धजयंतीला, लोकांना काचेच्या आत सोडतात. पहाटेपासून रांग लागते. आत गेल्यावर मूर्तीला प्रदक्षिणा घालता येते, आणि तेव्हाच कळतं की मागच्या भिंतीवर, बरोबर बुद्धाच्या पाठीमागे, अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. काचेबाहेरून तो दिसत नाही.